स्टॉपरवरची लाल रेघ

आमच्या घरात भूत या शब्दाला बंदी होती. तोंडातून शिवी गेली तर आई पाठीत एक ठेवून द्यायची आणि प्रकरण तिथेच मिटायचं. पण कुणी भूत म्हटलं की बाबा हातातला घास ताटात ठेवून समजावायला बसायचे. कालवण गार व्हायचं, आई डोळ्यांनीच आम्हाला दटावायची, आणि बाबांचं आपलं चालूच. आपल्या माणसांना पिढ्यान्पिढ्या भीती दाखवून वाकवलं, दीक्षा घेतली तेव्हा ती भीती आपण वेशीबाहेर टाकून आलो, आता ती पुन्हा उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. मी आणि माझा थोरला भाऊ मिलिंद माना डोलवायचो. मला ते तेव्हाही पटायचं आणि आजही पटतं. पुढे आयुष्यभर कुळगावच्या शाळेत मी विज्ञानच शिकवलं. म्हणून आता जे लिहायला घेतलंय ते बाबांना आवडलं नसतं, हे आधीच सांगून टाकते.

अंबरनाथच्या कारखान्यांच्या ओळीत अगदी शेवटी आमची शेड होती, आणि शेडच्या पाठीला पाठ लावून दोन खोल्यांचं घर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात बाहेर काढला की शेडच्या पत्र्याला लागायचा. आत आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, पलीकडे बाबांच्या हातोडीचा. लहानपणी मला वाटायचं, दोघं एकमेकांशी असंच बोलतात. सकाळी कंपन्यांचे भोंगे व्हायचे. कुठल्या भोंग्याला भात उतरवायचा आणि कुठल्याला आम्हाला अंथरुणातून ओढायचं हे आईचं ठरलेलं होतं, घरात घड्याळ असून त्याच्याकडे कुणी बघायचं नाही. वारा फिरला की बाहेरून कधी गोडसर, कधी सडक्या अंड्यासारखा वास यायचा. पाहुणे पहिल्याच घासाला थांबायचे आणि आम्ही मात्र सुकटीची चटणी आणि भाकरी बोटं चाटून खात असायचो. रविवारी उल्हासनगरहून लछुशेठ यायचा, तेलकट कागदात बांधलेलं दाल पकवान घेऊन. तो बंद पडलेल्या कारखान्यांतून जुन्या फोर्कलिफ्ट विकत घ्यायचा आणि बाबा त्या दुरुस्त करायचे. पिंपं, खोकी उचलून कारखानाभर फिरवणारी ही गाडी, पुढे दोन लांब लोखंडी पट्ट्या, मागे हत्तीच्या पुठ्ठ्यासारखं वजन. आमच्या घरात तिला नुसतं गाडी म्हणायचे, कारण दुसरी कुठली गाडी आमच्याकडे नव्हतीच.

ती पिवळी गाडी आली तो रविवारच होता. बदलापूरच्या पलीकडची एक रंगाची कंपनी बंद पडून बराच काळ लोटला होता, तिथून लछुशेठने ती ट्रेलरवर घालून आणली. "साईं, मशीन एकदम फर्स्ट क्लास है," तो बाबांना म्हणाला. "इंजिन देखो, गियर देखो. बस थोड़ा सुस्त है. अपने मिलिंद जैसा."

मिलिंद हसला नाही, कारण या गाडीत त्याचा जीव अडकला होता. कागदाचे रीळ ठेवणाऱ्या एका कंपनीला गाडी आणि ती चालवणारा माणूस एकत्रच हवे होते. तिथल्या साहेबांनी सांगितलं होतं, गाडी पळाली पाहिजे, माल तुंबता कामा नये. पोरगा चांगला निघाला तर परमनंट करू. परमनंट हा शब्द आमच्या वस्तीत लोक देवाचं नाव घ्यावं तसा घ्यायचे. मिलिंद दोन ठिकाणी टेम्पररी लागून दोन्हीकडून घरी बसला होता आणि आरशासमोर उभा राहून उगाच भांग पाडत दिवस काढत होता. मला त्याची फार दया यायची, पण तसं दाखवलं असतं तर त्याने माझी वेणी ओढली असती.

गाडी सुस्त का, ते बाबांनी पहिल्याच दिवशी शोधलं. तिचा स्पीड बांधलेला होता. ड्रायव्हरच्या पायाखाली अ‍ॅक्सिलरेटरचा पेडल असतो, त्याच्या खाली एक बोल्ट उभा असतो. पेडल दाबला की तो या बोल्टवर जाऊन टेकतो, त्यापुढे दबत नाही. याला स्टॉपर म्हणायचे. बोल्ट वर काढला की गाडी हळू, खाली नेला की जोरात. बोल्ट बसवून नट आवळला की त्याच्यावरून खालच्या पट्टीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारायची पद्धत आहे. पुढे कुणी बोल्टला हात लावला की रेघ तुटते आणि लगेच कळतं. आमच्या शेडमध्ये ही रेघ मारायचं काम माझं होतं, आणि ती मी माझ्या लाल नेलपॉलिशने मारायचे. आईला नेलपॉलिश लावलेलं चालायचं नाही, तेव्हा बाटली बाळगायला मला मिळालेलं हे एकमेव कारण होतं.

तर या स्टॉपरवर एक नाही, कितीतरी तुटलेल्या रेघा होत्या. सगळ्यात जुनी निळी, मग हिरवी, मग पिवळी, पुन्हा निळी, आणि सगळ्यात वर पांढरी, तीच तेवढी अखंड. बाबा आडवे पडून बॅटरीच्या उजेडात बराच वेळ बघत राहिले. "स्पीड बांधायचा तर माणूस एकदा बांधतो," ते म्हणाले. "ह्याने दर वेळी इवलासा बोल्ट वर काढलाय. थोडी हळू. मग आणखी थोडी हळू. कशाला?" काही कळेनासं झालं की त्यांना राग यायचा. ते उठले, हात पुसले आणि इंजिनाच्या मागे लागले. आधी इंजिन, ब्रेक, सगळं करायचं आणि स्पीड शेवटी सोडायचा असं ठरलं.

त्यामुळे पहिले काही दिवस गाडी आहे त्या गतीनेच अंगणात फिरत होती, आणि त्याच दिवसांत मला तिची भीती वाटायला लागली. फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत लांबट अंगण होतं, मिलिंद तिथे फेऱ्या मारायचा. कुणीतरी म्हातारं माणूस रमतगमत चालावं अशी ती चालायची. गाड्या काही माणसासारख्या चालत नाहीत, त्या सरकतात. ही चालायची. आणि ती चालवताना मिलिंद सारखा एका बाजूला वाकून पुढे चार-सहा हातांवर बघत राहायचा. "काय बघतोस रे?" मी विचारलं. तो म्हणाला, "काही नाही. कोणीतरी पुढे आहे असं वाटतं." मग बाबांकडे चोरून बघत म्हणाला, "वाटतं म्हणजे सवय झाली असेल." पण दुसऱ्या दिवशी लछुशेठचा ड्रायव्हर बसला तोही तसाच वाकला. शेडमधला मोत्या कुत्रा कुठल्याही गाडीच्या चाकांमागे भुंकत धावायचा. या गाडीच्या पुढून तो जायचाच नाही, लांबून वळसा घालायचा आणि तिच्या समोरच्या मोकळ्या जागेकडे बघून शेपूट हलवायचा. शेपूट हलवायचा याचंच मला जास्त भय वाटलं. एकदा आई चहाची किटली घेऊन आली, गाडी समोरून येत होती. आई बाजूला झाली, आणि गाडी बरीच लांब असतानाच तिने पदर सावरून, वडीलधारं माणूस जवळून गेल्यावर घेतात तसा, आणखी एक पाय मागे घेतला. मी विचारलं तर म्हणाली, "मी? मी कुठे काय केलं?" तिच्या लक्षातही नव्हतं.

मग गोमाबाबा आला. जेवणानंतरची वेळ, ऊन रणरणतंय, आणि फाटकात एक म्हातारा उभा. अंगात धुवट सदरा, डोक्याला पांढरी टोपी, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. "रंगाच्या कंपनीतली आमची गारी हितं हाय असा समजला," तो म्हणाला. बदलापूर गावातून आला होता, त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून तो स्वतःच मोठ्याने बोलायचा. गाडी दिसताच तो तिच्याजवळ गेला नाही. नीट तिच्या पुढे, चार-सहा हातांवर जाऊन उभा राहिला, आमच्याकडे तोंड आणि गाडीकडे पाठ. मिलिंद वाकून बघायचा बरोबर त्याच जागी. मी बाबांकडे पाहिलं, बाबा पान्याला ग्रीस लावत होते, म्हणजे लावत असल्याचं दाखवत होते.

चहा पिता पिता त्याने सांगितलं. फार पूर्वी त्या कंपनीत झाडू मारणारी एक बाई या गाडीखाली गेली होती. पिंपं उचलली की ड्रायव्हरला पुढचं काही दिसत नाही, दिसलं नाही आणि ती गेली. तेव्हापासून कंपनीने नियम केला, गाडीपुढे एक माणूस लाल झेंडी घेऊन चालेल. तो माणूस गोमाबाबा. ड्रायव्हर नारायण, त्याचा जिवाभावाचा दोस्त. सगळी नोकरी या दोघांनी अशीच काढली, एक पुढे चालतोय, एक मागून आणतोय.

"भीती नाही वाटायची? सारखी पाठीशी ती गाडी?" मी ओरडून विचारलं.

"मागं बगाचा नाय, पोरी," तो म्हणाला. "आपून मागं बगला का ड्रायवरचा पाय भितो. त्यानं आपल्यावर इस्वास ठेवाचा, आपून त्याच्यावर." मग गुडघ्यावर हात चोळत म्हणाला, "माजा गुरघा जसा जसा गेला, तशी तशी नारायणानं गारी हलू केली. मना बोलला बी नाय कवा. खाली उतराचा, पाना फिरवाचा, रंग लावाचा. मना वाटाचा, मी अजून पयल्यासारकाच चालतंय."

बाबांच्या हातातला पाना थांबला. त्या सगळ्या तुटलेल्या रेघा म्हणजे या माणसाचे गुडघे होते. बाबांना एकदम भरून आलं असावं, कारण ते उगाच खाकरले. "आणि शेवटची पांढरी रेघ?" त्यांनी विचारलं.

गोमाबाबा गोंधळला. पांढरी त्याला माहीत नव्हती. शेवटची निळी, ती नारायणाने मारलेली. त्यानंतर नारायण आजारी पडून गेला आणि त्याच महिन्यात कंपनी बंद झाली. "नारायण गेल्यावर गारी कोनी चालवलीच नाय," तो म्हणाला.

"कोणीतरी चालवली असेल," बाबा म्हणाले.

मग गोमाबाबाने वर्तमानपत्र सोडलं, विटून गुलाबी झालेली झेंडी काढली आणि मिलिंदला हाताने खूण केली. नाही म्हणायला कुणाला सुचलं नाही. तो पुढे, गाडी मागे, फाटकापासून भिंतीपर्यंत. मिलिंदचा पेडल स्टॉपरला टेकलेला होता, आणि दोघांमधलं अंतर ना वाढत होतं, ना कमी होत होतं. त्या दिवशीच्या त्याच्या पावलांच्या मापाने ती पांढरी रेघ कुणीतरी मारली होती. बाबा ते बघत उभे होते आणि मी बाबांना बघत होते. त्यानंतर गोमाबाबा अधूनमधून यायचा, एक फेरी मारायचा, आईच्या हातचा चहा प्यायचा आणि जायचा. आई त्याला बशीत दोन बटर जास्त ठेवायची.

गाडी द्यायचा दिवस जवळ आला. मिलिंदने बाबांच्या मागे लकडा लावला, आणि एका सकाळी बाबांनी नट सैल करून बोल्ट पार खाली नेला. मी त्याच्यावर लाल रेघ मारली, फुंकर घालून वाळवली. गाडी अंगणात अशी सुटली की मोत्या भुंकत भुंकत शेडभर नाचला. मिलिंद ओरडत होता, हसत होता. कितीतरी महिन्यांनी मी त्याला हसताना बघत होते आणि मलाही हसू आवरत नव्हतं. दुपारी त्याने भार घेऊन चालवून बघायचं ठरवलं. रिकामी निळी पिंपं रचून, दोराने बांधून पट्ट्यांवर उचलली, त्याच्यापुढे निळी भिंतच उभी राहिली. मी दारात बसून रॉकेलमध्ये नट धूत होते. गाडी फाटकापाशी वळत होती. आणि फाटकातून गोमाबाबा आत आला.

तो बरेच दिवस आला नव्हता, आणि स्पीड सोडलाय हे त्याला कळवायचं आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्याने नेहमीसारखी झेंडी उलगडली, गाडीच्या पुढे येऊन पाठ केली आणि चालू लागला, आणि त्याच क्षणी वळण संपून गाडी जोरात सुटली. मी किंचाळले. इंजिनाच्या आवाजात मिलिंदला ते ऐकू गेलं नाही आणि म्हाताऱ्याला तर ऐकू येतच नव्हतं. मी उठले तेव्हा रॉकेलचं घमेलं माझ्या पायावर उपडं झालं, एवढं मला आठवतं.

गाडी हळू झाली. ब्रेक मारल्यावर बसतो तसा हिसका नाही, चाकं घासल्याचा आवाज नाही. फेरफटक्याला निघालेल्या माणसामागून दुसरं माणूस जावं तशी ती त्या गुडघ्यांच्या मापाने त्याच्या मागून भिंतीपर्यंत गेली आणि थांबली. गोमाबाबा वळला. "चांगला पाय हाय तुजा," तो मिलिंदला म्हणाला, "नारायणासारका." मिलिंद बाजूने वाकला, तेव्हा त्याने म्हाताऱ्याला पहिल्यांदा पाहिलं.

म्हातारा चहा पिऊन गेल्यावर मिलिंद म्हणाला, "बाबा, मी पाय उचलला नाही. मला ते दिसलेच नव्हते. मी पूर्ण दाबून होतो." बाबांनी आधी स्टॉपर बघितला. लाल रेघ अखंड होती. मग डिझेल पंपाला कुणी हात लावला की तुटतं ते शिशाचं सील बघितलं, तेही शाबूत. जॅक लावून चाकं उचलली, पेडल दाबला, चाकं गरगर फिरली. "तू पाय उचललास," बाबा म्हणाले. "नकळत उचललास."

"नाही उचलला."

"मग गाडी आपोआप हळू झाली? इथे काय भूत बसलंय?" तो शब्द त्यांच्याच तोंडून निघाला. रात्रीच्या जेवणात बोंबलाचं कालवण होतं आणि कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. "गाडी द्यायची का मग?" आईने विचारलं. बाबा हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी कंपन्यांचे भोंगे होऊन गेले आणि बाबांनी आम्हाला दोघांना अंगणात बोलावलं. पिंपं तशीच रचलेली होती. पुसायचं एक लाल फडकं त्यांनी हातात घेतलं होतं. "मी पुढे चालणार," ते म्हणाले. "मिलिंद, तू पाय पूर्ण दाबायचा. सुजा, तू गाडीच्या बाजूला पायरीवर उभी राहा, दांडा घट्ट धर. समोर बघायचं नाही. फक्त त्याचा पाय बघायचा."

मिलिंद खाली उतरला. "मी नाही करणार."

"तू म्हणतोस तू पाय उचलला नव्हता, गाडीच हळू झाली. मग ती आजही होईल. मी म्हणतो तू उचलला होतास. मग तू आजही उचलशील. दोघांपैकी कुणीही खरा असला तरी मी वाचतो. मग घाबरतोस कशाला?"

"दोघंही खोटे असलो तर?" मिलिंद म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मीही तोच विचार करत होते. आज मी स्वतः म्हातारपणाच्या दारात उभी आहे आणि अजूनही मला बाबांच्या त्या सकाळचा राग येतो. स्वतःचं म्हणणं खरं करायला माणसाने पोरांच्या हातात स्वतःचा जीव असा देऊ नये.

पण बाबांपुढे आमचं कधी काही चाललंय? गाडी सुरू झाली. बाबा पिंपांच्या पलीकडे गेले, दिसेनासे झाले. मी पायरीवर उभी राहून दांडा धरला आणि मिलिंदच्या पायाकडे बघितलं. निळी कॅनव्हासची चप्पल, अंगठ्याचं नख काळं पडलेलं. त्याने पेडल दाबला. पेडल स्टॉपरला टेकला, त्याखाली माझी लाल रेघ दिसत होती. गाडीने झेप घेतली, वारा माझ्या कानाशी आला, आणि मी डोळे मिटणार इतक्यात पाय वर आला. हळूच. दचकून नाही, घाबरून नाही. झोपलेल्या पोराचा पाय आईने अलगद उचलून बाजूला ठेवावा तसा तो पाय पेडलवरून उठला, आणि ज्या उंचीवर थांबला तिथेच राहिला. गाडी चालायला लागली. मी मान वर करून मिलिंदचा चेहरा बघितला. दात आवळलेले, कपाळाला घाम, मांडीचा स्नायू ताणलेला. तो जीव खाऊन पेडल दाबत होता. त्याचा पाय वर होता आणि त्याला ते माहीतच नव्हतं.

भिंतीशी गाडी थांबली. बाबा पिंपांच्या मागून आले. त्यांनी एकदाही मागे पाहिलं नव्हतं, फक्त मुठीतलं फडकं घामाने भिजलेलं होतं. "उचलला?" त्यांनी मला विचारलं.

"उचलला," मी म्हणाले.

"मी नाही उचलला!" मिलिंद ओरडला. "आईची शपथ, बाबा, मी नाही उचलला!"

"तोही खरं बोलतोय," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. "मी बघितलं, बाबा. त्याने नाही उचलला. पाय उचलला गेला."

बाबांनी पाना आणला, आडवे झाले, आणि बोल्ट पुन्हा वर काढून पांढऱ्या रेघेला आणून बसवला. आडव्यानेच म्हणाले, "का उचलला गेला ते मला माहीत नाही. माझ्यासाठी उचलला, त्या म्हाताऱ्यासाठी उचलला. उद्या तिथे कागदाच्या रिळांमागून कोणी बाई आली आणि नाही उचलला तर? जे आपल्याला कळलेलं नाही त्याच्या भरवशावर मी ही गाडी सोडणार नाही. आणि तुला तर नाहीच." त्यांनी कंपनीला निरोप धाडला, गाडी मिळेल ती याच गतीने मिळेल. कंपनीने दुसरीकडून गाडी घेतली, दुसरा पोरगा घेतला. मिलिंद परमनंट झाला नाही. तिथेही नाही आणि पुढे कुठेच नाही. कितीतरी दिवस तो बाबांशी बोलत नव्हता, पाणी हवं असलं तरी मला मध्ये घालायचा. लछुशेठने कपाळाला हात लावला. "ये भुतनी तू ही रख, साईं," म्हणाला, आणि बाबांनी त्यालाही त्या शब्दावरून ऐकवलं.

म्हणून ती गाडी शेडमध्येच राहिली. गोमाबाबा येत राहिला. तो आला की रुसलेला मिलिंदही न सांगता उठून गाडी काढायचा आणि त्याच्या मागून एक फेरी मारायचा. गोमाबाबा म्हातारपणाने वारला, त्याची झेंडी त्याच्या सुनेने आमच्याकडे आणून दिली, ती आम्ही शेडमधल्या खिळ्याला टांगली. मिलिंद हळूहळू बाबांच्या हाताखाली शेडमध्येच रुळला, मालकच झाला. पुढे बाबा म्हातारे झाले. पाय मोकळे करायचे म्हणून संध्याकाळी अंगणात चालायचे, आणि एक दिवस मी माहेरी गेले असताना पाहिलं, बाबा चालतायत आणि त्यांच्या मागून मिलिंद ती पिवळी गाडी आणतोय. दोघांनाही विचारलं असतं तर दोघंही म्हणाले असते, इंजिन गरम ठेवायला लागतं. बाबांचा गुडघा जसा जाईल तसा मिलिंद खाली वाकून बोल्ट वर काढायचा आणि पिवळ्या ऑइलपेंटची रेघ मारायचा. बाबांना वाटायचं, ते पहिल्यासारखेच चालतात.

बाबा गेले आणि गाडीवर ताडपत्री पडली. त्यानंतर तिला कुणी हात लावला नाही. मी निवृत्त झाले, चिखलोलीला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आले, जिन्यावरून पडले आणि माझा डावा गुडघा कायमचा गेला. परवा मिलिंदचा फोन आला. "गाडी भंगारात देतोय, शेवटची बघून जा." मी रिक्षाने गेले. आम्ही दोघांनी मिळून ताडपत्री ओढली, धूळ उडाली, दोघंही खोकलो. नवी बॅटरी जोडल्यावर इंजिन कुरकुरत सुरू झालं. मिलिंद चढून बसायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. "सुजा," तो म्हणाला, "तू कधी आली होतीस इथे?"

मी चष्मा लावून बघितलं. मिलिंदची शेवटची पिवळी रेघ तुटलेली होती. बाबांच्या शेवटच्या दिवसांत बोल्ट जितका वर होता त्यापेक्षा आता थोडा खाली होता, नट आवळलेला होता, आणि त्याच्यावरून पट्टीपर्यंत एक अखंड रेघ होती. लाल. माझ्या त्या बाटलीतला लाल, जी बाटली माझ्या लग्नाआधीच वाळून गेली होती.

"मला वाटलं तू मारलीस," मी म्हणाले.

"मी पिवळा वापरतो," मिलिंद म्हणाला. शेडला कुलूप असायचं आणि किल्ली त्याच्याच कमरेला.

आम्ही दोघंही तो शब्द बोललो नाही. मी आत जाऊन खिळ्यावरची झेंडी काढली, गाडीच्या पुढे चार-सहा हातांवर जाऊन उभी राहिले आणि फाटकापासून चालायला सुरुवात केली. लंगडत, डावा पाय ओढत, जशी मी आता चालते, जसं चालताना बाबांनी मला कधीच पाहिलं नव्हतं. मागून इंजिनाचा आवाज येत होता, ना जवळ येत होता, ना लांब जात होता. "मी पूर्ण दाबलाय," मागून मिलिंद ओरडला. "बरोबर आहे का गं?"

"बरोबर आहे," मी म्हणाले. मला खूप रडू येत होतं, पण भिंत येईपर्यंत मी मागे पाहिलं नाही.